शमीमचा चहा आणि माझी राक्षसीण

नदीकाठची सर्व गावं, त्यांच्या समित्या, सरपंच, उपसरपंच आणि आपल्याशिवाय बैठक सुरूच होऊ शकत नाही असं ज्यांना वाटतं ती सगळी सन्माननीय मंडळी यांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, आजपासून पुष्पा बोलायला उभी राहिली तर मागून पदर ओढून तिला खाली बसवणारं कोणीही उरलेलं नाही. होणाऱ्या परिणामांची जबाबदारी कोणावरही नाही. जनतेनं आपापली सोय पाहावी.

शमीम, हे निवेदन मी तुझ्या घरून परतताना काळीपिवळीत तयार केलं. धाडच्या स्टँडवरून जीप नेहमीसारखी कोंबून निघाली होती. मी एकाच वेळी रडत होते आणि या निवेदनाला हसतही होते. शेजारच्या बाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मांडीवरचं पोर पलीकडे घेतलं आणि सरकून बसली. मला चांगली ऐसपैस जागा झाली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पाह्य वं पुष्पे, मी मेली तवा कुठं तुले सीट भेटली."

वाचणाऱ्यांना थोडं सांगावं लागेल. तू मध्ये टोकू नकोस.

आपण दोघी एका संस्थेच्या नदी आणि पाणथळ जागांच्या कार्यक्रमात समन्वयक होतो. समन्वयक नेमकं काय करते, हे तुझ्या अम्मीला शेवटपर्यंत कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "लडकी नदी के दफ्तर में है." जणू नदीला दफ्तर असतं, आणि तू तिथं बसून पाण्याच्या अर्जांवर शिक्के मारतेस! खरं काम असं होतं: नदीत पाणी असेल तर ते कोणाचं यावर भांडण, आटलं तर कोणामुळे यावर भांडण. ही भांडणं गावोगावच्या वेगवेगळ्या ओट्यांवर चालू असतात. ती गोळा करून एका ओट्यावर आणायची आणि तिथं शांतपणे बसायचं. तू बसायचीस. मी उभी राहायचे.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार तुझा आला नाही, शमीम. रागावू नकोस. पहिला विचार कोलारखेडच्या डोहाचा आला. आता तिथं काय होईल?

आपली नदी उन्हाळ्यात वाळूची पट्टी होते. कोलारखेडच्या वळणावर मात्र काळ्या खडकाच्या पोटाशी पाणी टिकून राहतं. काठाला लव्हाळा, पाणकणसं, त्यात पाणकोंबड्यांची लगबग. थंडीत बदकं उतरतात. आणि डोहाला लागून जी वाळू आहे तिच्यात बायका झिरा खोदतात, म्हणजे हातभर खड्डा. त्यात डोहाचं पाणी झिरपून येतं. ते वाटीवाटीनं हंड्यात भरायचं आणि प्यायला घरी न्यायचं, कारण गावातल्या हापशाचं पाणी माणसाच्या तोंडाला मचूळ. पुण्याच्या ऑफिसातल्या साहेबांना बदकांचं फार कौतुक होतं. प्रत्येक भेटीत कॅमेरा आधी गाडीतून उतरायचा, मग साहेब. एकदा ते म्हणाले, "डोह गेला तर या पक्ष्यांचं काय होणार, याची मला चिंता वाटते." तू म्हणालीस, "पाखरं उडून जातीन साहेब. बायकाईले पंख नाहीत." साहेबांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या कार्यशाळेत स्वतःचं म्हणून वापरलं. मी चिडले. तू म्हणालीस, "वापरू दे ना. मले कुठं त्याचं लोणचं घालाचं होतं."

ती बीटी कापसाच्या बियाण्याची वर्षं. पहिले काही हंगाम बरे गेले होते, हेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील पुष्पा गोष्ट फुगवून सांगते. तुझे अब्बा धाडच्या बाजारातले कापसाचे व्यापारी, त्यांच्या ओसरीवर त्या हंगामांत लोकांनी गाड्या भरभरून कापूस आणि आनंद आणला होता. पाकिटावर टपोऱ्या बोंडाचं चित्र आणि दुकानदाराच्या तोंडी एकच शब्द: आता फवारणीची कटकट गेली. मग तुडतुडे आले. मग पऱ्हाटी, म्हणजे उभं कापसाचं झाड, लाल पडायला लागली. पुढं बोंडात अळीही परत आली. फवारणी कुठं गेली होती? ती पाठीवर पंप घेऊन दुप्पट जोरानं परत आली. आणि संध्याकाळी शेतातून येताना माणूस पंप धुणार कुठं? वाटेत डोह होता. सगळे तिथंच धुवायचे. पाण्यावर पांढरा फेस तरंगायचा, काठाला मासे पोट वर करून पडायचे.

कोणाला दोष द्यायचा? त्या वर्षांत कर्जापायी शेतकरी जीव देत होते, म्हणून आपण गावात शिरलो की आधी विचारायचो, कोणाकडे दुःख तर नाही ना. असेल तर बैठक नाही. त्या घरी जाऊन नुसतं बसायचं. हा नियम तुझा. मला तो सुरुवातीला पटला नव्हता, कारण मला नुसतं बसता येत नाही हे पूर्ण जिल्ह्याला माहीत आहे.

कोलारखेडच्या त्या घरचा दिवस तुला आठवत असेल. घरधनी जाऊन काही दिवस झाले होते. तू बॅनरची गुंडाळी करून गाडीच्या सीटखाली सारलीस. आपण आत जाऊन बसलो. त्याच्या बायकोनं पाणी आणलं. झिऱ्याचं. त्या पाण्यात काय उतरत असणार, हे त्या खोलीत आपल्या दोघींना चांगलं ठाऊक होतं. मी पेला हातात धरून राहिले. तू उचललास आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यालीस. मग मीही प्याले. परत येताना तू गाडी चालवत एवढंच म्हणालीस, "थे रोज पेतात. आपण एक दिवस पेलो तं काय." पुढं धाड येईपर्यंत आपण गप्प होतो. मी गप्प होते! याला साक्षीदार फक्त तू होतीस आणि आता तूही नाहीस, म्हणजे कोणी विश्वास ठेवणार नाही.

त्या दिवसापासून आपल्याला एकच गोष्ट हवी होती. पंप डोहात धुणं बंद व्हायला हवं. बाकीचे उद्देश अहवालात होते, छान टाईप केलेले.

आणि या गोष्टीच्या आड बाजीरावकाका उभे होते. त्यांचं शेत डोहाला लागून, आवाज देवळाच्या भोंग्याहून मोठा. पहिल्याच बैठकीत ते उठून म्हणाले, "पऱ्हाटी हातची जाऊन राह्यली अन् तुमी मले मासे मोजाले लावता काय वं बायांनो?" अख्खी बैठक हसली आणि संपली.

तुझी कामाची पद्धत इथून सुरू व्हायची. गावात कोण आपल्या बाजूचं आहे, हे तू कधी विचारलंच नाहीस. "नाई म्हणणारा कोन हाय?" हे विचारायचीस आणि पहिला चहा त्याच्या घरी. तोही कामाचा विषय न काढता! बाजीरावकाकांच्या ओट्यावर आपण किती चहा प्यायलो असू. त्यांच्या सुनेचं बाळंतपण, विहिरीची मोटार, जावयाचा हट्ट, सगळं झालं. डोहाचा एक शब्द नाही. मी तुला बाहेर येऊन चिमटे काढायचे.

"अवं बोल ना त्याच्याशी!"

"बोलून राह्यली ना."

"जावयावर बोलून राह्यली तू!"

"त्याच्या डोक्यात जावई हाय. डोह कसा घुसीन? जागा होऊ दे."

मला एवढा धीर नव्हता. माझं म्हणणं साधं होतं: लोकांना दाखवलं पाहिजे. आणि मी दाखवायचं ठरवलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावातले सगळे बैल नदीवर येतात. त्यांना धुतात, खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. म्हणजे सगळा पुरुषवर्ग एका जागी, हातात काम आणि पळून जायची सोय नाही. याहून चांगला प्रेक्षक कोणत्या नटीला मिळतो? मी फवारणीची राक्षसीण झाले. काळी ताडपत्री अंगाला गुंडाळली, केस मोकळे सोडले, तोंडाला चुना फासला आणि गळ्यात तेलाच्या रिकाम्या डब्यांची माळ घातली. प्रत्येक डब्यावर कवटी रंगवली होती. तू मला पाहिलंस आणि म्हणालीस, "या अल्ला. तू गावाले भेवाडणार का गावकरी तुले?"

मी खडकावर चढले. "हा हा हा! हा डोह माझा!" असं मी जे ओरडले आणि डबे जे वाजवले! पुरुषवर्ग पाहतच राहिला. बैल मात्र पाहत राहिले नाहीत.

त्या संध्याकाळी बैलाच्या नाकात वेसण असते, पण कासरा सैल सोडलेला असतो, आणि त्याला मारायचं तर सोडाच, शिवीसुद्धा द्यायची नसते. तो उद्याचा पाहुणा. त्यामुळे शमीम, जगात कुठं पाहायला मिळणार नाही असा देखावा आपण पाहिला. बैल चौखूर उधळलेले आणि त्यांच्या मागं गावातली दांडगी माणसं हात जोडून, गोड आवाजात, "ये माह्या राजा, ये बाप्पा, कायले भेतं, बाई हाय थे" असं विनवत पळताहेत. बाजीरावकाका लोण्याची वाटी हातात घेऊन धावत होते, वाटी न सांडता. त्यांचा बैल पाखऱ्या सरळ माझ्या अंगावर आला. मी खडकावरून वाळूत, माझी माळ त्याच्या शिंगात. डबे वाजले की तो अजून पळायचा, पळाला की डबे वाजायचे. गावाला त्यानं पूर्ण फेरी मारली.

आणि गाव हसलं. त्या वर्षी त्या गावात हसण्यासारखं काही झालं नव्हतं. म्हाताऱ्या भिंतीला धरून हसत होत्या. ती बाईही दारात येऊन उभी राहिली होती, जिच्या घरी आपण पाणी प्यालो होतो. तिनं पदर तोंडाला लावला होता. हसली की रडली, मला दिसलं नाही. तुला दिसलं होतं का? हे मी तुला विचारायचं राहून गेलं.

पाखऱ्या शेवटी दमला आणि फिरून डोहावर आला. छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली. त्यानं पाण्याकडे मान खाली घातली. काठाला आदल्या संध्याकाळचा पांढरा फेस अजून लागलेला होता. आणि बाजीरावकाकांनी धापा टाकत पुढं होऊन त्याच्या तोंडासमोर आपला हात आडवा धरला.

तू तिथंच उभी होतीस. हळू आवाजात म्हणालीस, "काका, आवतन दिलं ना त्याले? मंग पानी काऊन अडवता?"

काकांनी तुझ्याकडे पाहिलं. मग हाताकडे पाहिलं. पाखऱ्याला घेऊन हळूहळू गावातल्या हापशाकडे गेले. तिथं त्यांनी स्वतः बादली भरून त्याला पाजलं. बाकीचे लोक आपापल्या बैलांना घेऊन त्यांच्या मागं रांगेत उभे राहिले. डोहावर एकही बैल थांबला नाही.

पोळा झाल्यावर पंप धुवायला नदीपासून दूर, शेतांच्या वरच्या अंगाला पाण्याचे ड्रम आले आणि धुवण खाली नदीकडे वाहू नये म्हणून शेजारी खड्डा झाला. ग्रामसभेत हात वर झाले. एक सोडून. बाजीरावकाका हाताची घडी घालून म्हणाले, "मी इरोधातच हाय. पंप तिकडं धुतो थे माह्या मर्जीनं." आणि ते तसेच वागले. इतकी वर्षं विरोधात राहून त्यांनी एकदाही पंप डोहात घातला नाही.

आता आपल्या भांडणाचं. हे तुझ्या पश्चात एकटीनं भांडायचं म्हणजे अन्याय आहे, पण तूच अर्ध्यात सोडून गेलीस. डोह वाचला तो कशानं? अहवालात मी लिहिलं, "पथनाट्याचा प्रभाव." तू खोडून लिहिलंस, "संवाद." मी परत लिहिलं, तू परत खोडलंस. साहेबांनी शेवटी छापलं, "लोकसहभाग", आणि आपण दोघी एकदमच हरलो.

डोणगावच्या टपरीवर भजी खाता खाता तू म्हणायचीस, "बैल पळाला नसता तरी मी इचारलंच असतं."

"पळाला नसता तं त्याले तहान कशी लागली असती?"

"बैलाले तहान लागतेच वं. तुह्यासारखी टाळ्याची नाई लागत, पान्याची लागते."

टपरीवाला दरवेळी विचारायचा, "काय झालं बाई?" आणि तू गंभीर चेहऱ्यानं सांगायचीस, "हिचा बैल पळाला."

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. ती राक्षसीण मी टाळ्यांसाठी लिहिली असं तू धरून चाललीस. टाळ्या मला हव्या होत्या, त्याबद्दल मी देवासमोरही खोटं बोलणार नाही. पण लिहायला बसले ती त्याच रात्री, ज्या दिवशी तू तो पेला रिकामा केलास. मला तुझ्यासारखं शांतपणे पिता आलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं. एवढंच. तुला हे समजलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मंग आधी काऊन नाई सांगितलं वं येडे?" आणि भांडण संपलं असतं. मला ते संपवायचं नव्हतं.

पुढं कार्यक्रम संपला. देणगीदारांना दुसरी नदी आवडली. साहेबांचा कॅमेरा तिकडं गेला. नदीकाठचा आपला फलक गंजून पडला आणि कोणीतरी तो गोठ्याला लावला. आपण दोघी मात्र दर वर्षी पोळ्याच्या आधी डोहावर चक्कर मारत राहिलो, पगार नसताना, ज्याला तुझा भाऊ म्हणायचा, "ये दोनों को खाज है." यंदा अळी परत जोरात. फवारायला बाहेरगावची मजुरांची टोळी आलेली. त्यांना ना डोह माहीत, ना ड्रम, ना तू. दवाखान्यातून तुझा फोन आला तो याचसाठी. "पोळ्याच्या आधी जाऊन ये वं पुष्पे. यंदा मले जमणार नाई." मी म्हटलं, जाते. तू म्हणालीस, "डबे घालून नको जाऊ." हे तुझे माझ्याशी शेवटचे शब्द. लोकांना आपल्या माणसाचे शेवटचे शब्द किती भारदस्त मिळतात!

कब्रस्तानात बायका जात नाहीत, म्हणून मी तुझ्या घरी अम्मीचा हात धरून बसले होते. बाजीरावकाका मिट्टीला गेले होते, हे तुझ्या भावानं सांगितलं. टोपी कशी घालायची हे त्यांनी बाजूच्या माणसाला विचारलं म्हणे.

आणि काल कोलारखेडनं तुझी शोकसभा ठेवली. डोहावर. जाजम अंथरलं होतं. माईक नव्हता, हे माझ्यावरचा विश्वास म्हणून की भीती म्हणून, कळलं नाही. सरपंच बोलले. झिऱ्यावरच्या बायका हंडे बाजूला ठेवून बसल्या होत्या. मी बोलायला उभी राहिले आणि शमीम, ऐक, मला काही सुचलं नाही. पदर ओढायला कोणी नव्हतं तरी मी खाली बसले. मग सरपंच म्हणाले, दोन मिनिटं शांतता पाळू.

सगळे उभे राहिले. माना खाली. लव्हाळ्यात पाणकोंबडी काहीतरी पुटपुटत होती. मी डोळे मिटले नव्हते, म्हणून मला दिसलं. शेताच्या अंगानं टोळीतला एक माणूस पाठीवर पंप घेऊन उतरत होता. आमच्याकडे त्यानं पाहिलं, कोणाचं तरी काही चाललंय म्हणून आदरानं वळसा घेतला आणि पलीकडून सरळ पाण्याकडे निघाला. त्याचा काही दोष नव्हता. त्याला वाटेत पाणी दिसत होतं. त्यानं पाठीवरचा पट्टा सोडला. सरपंचांनी पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. बायकांनी पाहिलं. ज्या गोष्टीसाठी तू एवढे चहा प्यालीस आणि मी वाळूत आपटले, ती आता कोणाच्या तरी एका हाकेवर होती, आणि शोकसभेची शांतता कोण मोडणार?

तो माणूस पाण्याजवळ वाकला.

माझ्या शेजारून, टोपी हातात घेऊन मान खाली घातलेल्या बाजीरावकाकांच्या तोंडून, समोरच्या खडकावर आपटून परत येईल एवढ्या आवाजात निघालं, "ए बे! बाई मेली म्हून काय पानी तुह्या बापाचं झालं काय?"